सोळा खोट्या हजेऱ्यांची किंमत

अमेरिकेतल्या करिअर स्कूलमध्ये कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक जाडजूड बाइंडर येतो. वर्षातून एकदा सगळ्यांनी स्लाइड बघायच्या, शेवटी दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, सर्टिफिकेट छापून फाइलला लावायचं. बाइंडरशी माझं वाकडं नाही, ऑडिटर आला की तो लागतोच. पण शाळा बुडते तेव्हाही तो कपाटात जागच्या जागी असतो. बुडायला सुरुवात होते ती चार टेबलांवर: अ‍ॅडमिशनचा फोन, हजेरी, फायनान्शियल एडचा (फीसाठी मिळणाऱ्या मदतीचा) हिशोब आणि प्लेसमेंटची (नोकरी लागलेल्यांची) यादी. या चारही ठिकाणी कोणीतरी लिहिलेला एक साधा आकडा थेट डॉलरमध्ये बदलतो, आणि लिहिणाऱ्याची नोकरी बऱ्याचदा त्याच आकड्याला टांगलेली असते.

करिअर स्कूल म्हणजे मेडिकल असिस्टंट, डेंटल असिस्टंट, कॉस्मेटॉलॉजी, वेल्डिंग, एसी-रेफ्रिजरेशन असे हाताला काम देणारे कोर्स शिकवणाऱ्या शाळा. त्यातल्या बऱ्याच खाजगी, नफ्यावर चालणाऱ्या. फीचा मोठा भाग १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टमधल्या टायटल फोरच्या पैशांतून येतो, म्हणजे पेल ग्रँट (परत न फेडायचं सरकारी अनुदान) आणि सरकारी कर्ज. पैसा करदात्याचा, कर्ज विद्यार्थ्याच्या डोक्यावर आणि हिशोब शाळेच्या हातात, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे इथे नैतिकता हा भाषणाचा विषय राहत नाही, तो हिशोबाचा होतो.

हजेरीचंच घ्या. समजा ९०० तासांचा कोर्स आहे आणि त्याचा पहिला पेमेंट पिरियड, म्हणजे एडचा एक हप्ता ज्या टप्प्यासाठी येतो तो, ४५० तासांचा. वर्ग रोज ६ तास, आठवड्यातून ५ दिवस. एक विद्यार्थिनी तिसाव्या दिवसानंतर यायची बंद झाली. तोवर वेळापत्रकाप्रमाणे १८० तास झालेले, म्हणजे ४५० च्या ४० टक्के. तिच्या नावावर या पिरियडसाठी ५,००० डॉलरची एड आलेली आहे. नियम सांगतो की तिने 'कमावली' ती ४० टक्के, म्हणजे २,००० डॉलर. उरलेले ३,००० न कमावलेले. शाळेने परत करायची रक्कम म्हणजे हे ३,००० किंवा पिरियडच्या शाळेच्या फीचे ६० टक्के, यांतली जी कमी असेल ती. फी ७,००० असेल तर ६० टक्के होतात ४,२००. कमी रक्कम ३,०००. तेवढे सरकारला परत.

आता त्याच पत्रकात तिच्या नावापुढे आणखी सोळा दिवस हजर लिहा. १८० मध्ये ९६ मिळवले की २७६ तास, म्हणजे ६१.३ टक्के. साठ टक्क्यांची रेघ ओलांडली की संपूर्ण एड कमावली असं धरलं जातं, आणि परत करायची रक्कम होते शून्य. सोळा खुणांचे तीन हजार डॉलर. वर्षभरात असे वीस जण निघाले तर साठ हजार.

हे कोणी गुन्हेगारी डोक्याने करतं असं मानलं तर उपाय चुकतो. बहुतेक वेळा सुरुवात फार साधी असते. शिक्षक रोज हजेरी घेत नाही, शुक्रवारी दुपारी आठवणीने आठवडाभराचं पत्रक भरतो. कोण आलं होतं, कोण नव्हतं, सगळं अंदाजपंचे. मग रजिस्ट्रार विचारते, "ती कधीपासून येत नाही?" "मागच्या आठवड्यात होती बहुतेक." त्या 'बहुतेक'वर तारीख पडते. पुढच्या वेळी कॅम्पस डायरेक्टर म्हणतो, जरा नीट बघा, मध्ये आली असेल. त्याला सोबत एक गोड कारणही असतं: एड परत केली तर रिफंड पॉलिसीप्रमाणे तिच्याच नावावर शाळेची बाकी निघू शकते, मग तिच्याच भल्यासाठी दोन-चार दिवस इकडेतिकडे केले तर काय बिघडलं? हे वाक्य ज्या ऑफिसात मोठ्याने बोलता येतं आणि कोणी भुवई उंचावत नाही, तिथलं बाइंडर कितीही जाड असो, काम हातातून गेलेलं असतं. शिवाय ते भलंही खोटं आहे. परत गेलेल्या एडमधला बराच भाग सरकारी कर्जाचा असतो. तो परत गेला की तिचं कर्ज तेवढं कमी होतं.

यावरचा उपाय उपदेशात नाही, कुलुपात आहे. हजेरी त्याच दिवशी संध्याकाळी बंद व्हायला हवी, सॉफ्टवेअरमध्ये लॉक. त्यानंतर बदल करायचा तर फॉर्म: कोणता दिवस, काय बदल, कशाच्या आधारावर. आधार म्हणजे तारीख असलेली प्रॅक्टिकल शीट, त्या दिवशीची चाचणी, दाराच्या कार्डाची नोंद. 'शिक्षकाच्या आठवणीनुसार' हा आधार नव्हे. फॉर्मवर दोन सह्या, आणि दुसरी सही अ‍ॅडमिशन किंवा फायनान्शियल एडच्या माणसाची नको.

मग महिन्यातून एकदा त्या बदलांची यादी काढायची. कोणाच्या लॉगिनने किती बदल, किती दिवसांनी आणि कोणत्या दिशेने. ही दिशा फार बोलकी असते. माणसं प्रामाणिकपणे चुका दुरुस्त करतात तेव्हा काही बदल गैरहजरचे हजर होतात आणि काही हजरचे गैरहजर. सगळेच्या सगळे एकाच बाजूला झुकलेले दिसले, तेही गैरहजेरीच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास (ही मुदत पुढे येते) किंवा साठ टक्क्यांच्या रेघेजवळ, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही, फाइली बाहेर काढायच्या. ही यादी निरुपयोगी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रजिस्ट्रारचा पासवर्ड मॉनिटरवर पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवून ठेवणं. तो तसा अनेक ठिकाणी चिकटवलेला असतो.

आणखी काही खुणा सांगून ठेवतो. बर्फामुळे शाळा बंद होती त्या दिवशीची हजेरी. शिक्षक रजेवर, बदली कोणी नाही, तरी वर्ग पूर्ण हजर. कागदी पत्रक असेल तर महिनाभर एकच पेन, एकच दाब. एका क्लॉक अवरमध्ये, म्हणजे एडच्या हिशोबातल्या एका तासात, किमान ५० मिनिटं शिकवणं हवं, पण जेवणाची सुट्टी तासांत धरलेली. भरपाईचे तास लिहिलेले, पण कोणत्या विषयाचे आणि कोण हजर होतं याची नोंदच नाही. ऑनलाइन कोर्समध्ये नुसतं लॉगिन म्हणजे हजेरी नव्हे. विद्यार्थ्याने काहीतरी केलेलं दिसायला हवं: चाचणी दिली, असाइनमेंट टाकलं, चर्चेत विषयाला धरून लिहिलं.

तारखांचं गणितही पाठ असायला हवं. हजेरी घेणं बंधनकारक असलेल्या शाळेने शेवटच्या हजर दिवसापासून १४ दिवसांच्या आत विद्यार्थी गेला हे ठरवायचं, आणि तसं ठरवल्या दिवसापासून ४५ दिवसांच्या आत पैसे परत करायचे. सलग गैरहजर राहणाऱ्यांची यादी रोज सकाळी आपोआप निघाली पाहिजे. तिसऱ्या दिवशी शिक्षकाचा फोन, सातव्या दिवशी स्टुडंट सर्व्हिसेसचा, दहाव्या दिवशी लेखी पत्र. चौदाव्या दिवशी चर्चा बंद. "उद्या येते म्हणाली आहे" हे वाक्य चौदाव्या दिवशी कामाचं नाही. ती आली तर पुन्हा प्रवेशाचा रस्ता आहे.

आता पैशांकडे वळू, म्हणजे अ‍ॅडमिशनवाल्यांच्या पगाराकडे. किती विद्यार्थी भरती केले किंवा किती एड मिळवून दिली यावर कमिशन, बोनस किंवा इतर प्रोत्साहनपर रक्कम देण्यावर काँग्रेसने १९९२ मध्ये बंदी घातली. २००२ मध्ये शिक्षण खात्याने १२ सवलती दिल्या आणि बंदीला इतकी भोकं पडली की तिच्यातून बैलगाडी जावी. त्या सवलती पुढे काढून टाकल्या आणि १ जुलै २०११ पासून बंदी पुन्हा घट्ट झाली. एज्युकेशन मॅनेजमेंट कॉर्पोरेशन या कॉलेजं चालवणाऱ्या कंपनीने याच प्रकारच्या आरोपांवर नोव्हेंबर २०१५ मध्ये ९.५५ कोटी डॉलरची तडजोड केली.

आज भरतीमागे इतके डॉलर असं उघड लिहिणारं कोणी सापडत नाही. बोनस मागच्या दाराने येतो. महिन्यात सर्वांत जास्त स्टार्ट (वर्गात दाखल झालेले नवे विद्यार्थी) देणाऱ्याला गिफ्ट कार्ड. टीमला सहल. वर्षअखेरच्या मूल्यमापनात 'उत्पादकता' नावाचा रकाना, ज्यात नेमकं काय मोजलं हे कोणीच सांगत नाही. आणि सगळ्यात चतुर प्रकार म्हणजे लीडचं, म्हणजे चौकशी करणाऱ्यांच्या नावांचं, वाटप: चांगल्या, गरम लीड वरच्या दोघांना, उरलेल्या थंड लीड बाकीच्यांना. पगार दिसायला सारखा, पण कोणाची नोकरी टिकणार हे पांढऱ्या फळ्यावर लिहिलेलं असतं. कायद्याच्या भाषेत यातलं प्रत्येक बसेलच असं नाही, पण फोनवर बसलेल्या मुलीला शाळेची खरी किंमत काय हे त्या फळ्यावरूनच कळतं. आचारसंहितेच्या पहिल्या पानावरून नाही.

एक सोपी परीक्षा आहे. गेल्या दोन वर्षांतले प्रत्येक अ‍ॅडमिशन रेपचे (भरती प्रतिनिधीचे) पगार, वाढ, बढत्या आणि काढून टाकल्याच्या तारखा एका रकान्यात मांडा, शेजारी त्यांच्या भरतीचे आकडे. दोन्ही रकाने हातात हात घालून चालत असतील तर पॉलिसी काहीही म्हणो, तुमच्याकडे कमिशन आहे. हे काम कम्प्लायन्सच्या माणसाने एचआरसोबत वर्षातून दोनदा करावं आणि अ‍ॅडमिशन डायरेक्टरला आधी कळवू नये.

मग मोजायचं काय? फोन. प्रत्येक रेपचे महिन्याला पाच फोन ऐकायचे, निवड रँडम, ऐकणारे दोघे. एकजण अ‍ॅडमिशनबाहेरचा. कोर्सचा एकूण खर्च आकड्यात सांगितला का, कर्ज म्हणजे परत फेडायचे पैसे हे सांगितलं का, नोकरीच्या प्रश्नाला छापील आकडा वर्षासह दिला का, "आजच सही करा नाहीतर जागा जाईल" असं म्हटलं का, लायसन्सबद्दल माहिती खरी होती का. पाच गोष्टी, प्रत्येकी शून्य ते दोन, एकूण दहा. रेकॉर्डिंगच्या आधी राज्याचा कायदा बघा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत फोनवरच्या सगळ्यांची संमती लागते, त्यामुळे सुरुवातीलाच तसं सांगणारा संदेश हवा.

ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकन सरकारच्या लेखापाल संस्थेने, म्हणजे गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, खोटे अर्जदार बनवून १५ खाजगी कॉलेजांत माणसं पाठवली. चार ठिकाणी अर्जात फसवणूक करायला उत्तेजन मिळालं आणि पंधराही ठिकाणी दिशाभूल करणारी किंवा शंकास्पद विधानं केली गेली. म्हणून बाहेरच्या कोणीतरी फोन करण्याआधी शाळेने स्वतःच आपल्याकडे खोटा अर्जदार पाठवावा, दर तिमाहीला दोन तरी.

फोनवर बहुतेक घोळ तीन प्रश्नांवर होतात: नोकरी मिळेल का, पगार किती, आणि हे क्रेडिट दुसऱ्या कॉलेजात चालतील का. 'असं बोलू नका' ही यादी देऊन भागत नाही. माणूस अडला की जे सुचेल ते बोलतो. त्याच्या हाती काय बोलायचं ते द्यायला हवं. क्रेडिटसाठी हे एक चालेल: "क्रेडिट घ्यायचे की नाही हे समोरचं कॉलेज ठरवतं. बरीच कॉलेजं आमचे क्रेडिट घेत नाहीत. तुम्हाला पुढे जायचं असेल तर सही करण्याआधी त्या कॉलेजला विचारा." यातला दुसरा भाग, 'घेत नाहीत', बोलताना रेपची जीभ अडखळते. रेकॉर्डिंगमध्ये नेमका तोच ऐकायचा.

लायसन्सबाबत चूक झाली तर विद्यार्थ्याचं वर्ष फुकट जातं. ज्या कामासाठी राज्याचं लायसन्स लागतं, तिथे जुन्या शिक्षेमुळे ते नाकारलं जाऊ शकतं. हे एक्स्टर्नशिपच्या (कोर्सच्या शेवटी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याच्या) वेळी, बॅकग्राउंड तपासणीत कळण्यात काय अर्थ? सहीच्या आधी लेखी सांगायचं, वेगळ्या कागदावर, वेगळ्या सहीने. अर्जाच्या चौदाव्या पानावर बारीक अक्षरात नव्हे.

आता प्लेसमेंट. या एका टेबलाने अख्खा व्यवसाय बदनाम केला. एप्रिल २०१५ मध्ये शिक्षण खात्याने कोरिंथियन कॉलेजेस या कंपनीच्या हील्ड कॉलेजवर जवळपास ३ कोटी डॉलरचा दंड जाहीर केला. चुकीचे सांगितलेले ९४७ प्लेसमेंट दर खात्याने नोंदवले होते. त्यात काय काय होतं? टेम्प एजन्सीला पैसे देऊन स्वतःच्याच कॅम्पसवर पदवीधरांना दोन-दोन दिवस कामाला ठेवलेलं आणि ती 'नोकरी' धरलेली. अकाउंटिंग शिकलेला फास्ट फूडच्या दुकानात, तोही विषयाशी संबंधित कामात धरलेला. शिकायला येण्याआधीपासूनच असलेली नोकरी शाळेने लावलेली म्हणून मोजलेली. दोन आठवड्यांत, त्याच महिन्याच्या शेवटी, कोरिंथियनने उरलेले सगळे कॅम्पस बंद केले.

खोटी नोकरी लिहिणं हा ढोबळ प्रकार झाला, तो पकडता येतो. शांतपणे केली जाणारी गडबड छेदात असते. ५० जण पास झाले, ३५ जणांना काम लागलं, दर ७० टक्के. आता पाच जण 'नोकरीसाठी उपलब्ध नाहीत' असं लिहून छेदातून काढले, की ३५ भागिले ४५, ७७.८ टक्के. एकही खोटी नोकरी न लिहिता जवळपास आठ टक्के वाढले. पुढचं शिक्षण, लष्करात भरती, गंभीर आजार, मृत्यू अशी वगळण्याची खरी कारणं शाळेला मान्यता देणारा अ‍ॅक्रेडिटर मान्य करतो, पण प्रत्येकाला कागद लागतो: प्रवेशाचं पत्र, भरतीचा आदेश, डॉक्टरांचं पत्र. 'फोन उचलत नाही' म्हणजे अनुपलब्ध नव्हे. तो छेदातच राहतो, बेरोजगार म्हणून. म्हणून ऑडिट करताना मी अंशाआधी छेद बघायला सांगीन.

अंशाच्या प्रत्येक नावामागे काय हवं ते असं: मालकाचं नाव, कामाचं पद, रोज नेमकं काय करतो, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, वेतन आणि पदवीधराची सही. मग पडताळणीचा फोन. हा फोन करिअर सर्व्हिसेसच्या, म्हणजे नोकरी लावून देणाऱ्या विभागाच्या, माणसाने करू नये आणि फॉर्मवर लिहिलेल्या नंबरवरही करू नये. नंबर स्वतः शोधायचा. प्लेसमेंटच्या फॉर्मवरचा नंबर मैत्रिणीचा निघू शकतो. फोनवर "अमुक तुमच्याकडे मेडिकल असिस्टंट आहे ना?" असं विचारायचं नाही. "अमुक तुमच्याकडे काय काम करते?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला कोणीही हो म्हणतो. दुसऱ्याला "ती फ्रंट डेस्कला बसते" असं उत्तर येतं आणि खरं काय ते कळतं. चाळीसपैकी दहा नावं रँडम काढा. त्यात एक जरी खोटं निघालं तर चाळीसच्या चाळीस.

केस कापणारे, नेल टेक्निशियन यांचं वेगळं असतं. त्यांना पगारी नोकरी नसते, सलूनमध्ये खुर्ची भाड्याने घेऊन ते स्वतःचा धंदा करतात. तिथे मालकाला फोन करून काही मिळत नाही. लायसन्सची प्रत, खुर्चीच्या भाड्याचा करार आणि धंदा चालू असल्याचं त्यांचं सहीचं निवेदन घ्यायचं. शिक्षण संपायच्या दिवशी पंचवीस जणांकडून एकदम सही करून घेतलेली 'स्वयंरोजगार' पत्रं मात्र ऑडिटरला लांबूनच दिसतात.

फायनान्शियल एडच्या टेबलाबद्दल थोडक्यात. पैसे मंजूर करणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नको, हा नियम लेखी आहे. विद्यार्थ्याच्या खात्यात फीपेक्षा जास्त एड जमा झाली, की जास्तीचे पैसे १४ दिवसांत त्याला द्यायचे. ते शाळेने खेळतं भांडवल म्हणून वापरायचे नाहीत. एड चालू राहण्यासाठीच्या प्रगतीच्या निकषात नापास होणाऱ्याचा ग्रेड एड थांबायच्या आदल्या दिवशी बदललेला दिसला तर हजेरीसारखीच यादी तिथेही काढायची. नफ्यावर चालणाऱ्या शाळेला उत्पन्नाच्या किमान १० टक्के रक्कम सरकारी मदतीबाहेरून आणावी लागते. १ जानेवारी २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून माजी सैनिकांच्या शिक्षण भत्त्यासारखे पैसेही सरकारी बाजूला धरले जातात. दोन वर्षं लागोपाठ हा निकष चुकला तर टायटल फोर बंद. या गणिताकडे दर महिन्याला बघणारी शाळा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात भलते मार्ग शोधत बसत नाही.

कम्प्लायन्सचा माणूस कोणाच्या हाताखाली? यावर माझं मत ठाम आहे. अ‍ॅडमिशन डायरेक्टरच्या किंवा कॅम्पस डायरेक्टरच्या हाताखाली नको. मालक किंवा संचालक मंडळ, थेट. आणि त्याच्या हातात एक तरी खरी किल्ली हवी: बॅच सुरू होण्याआधी अपुरी फाइल थांबवणं, जाहिरात मागे घेणं. नुसता सल्ला देणारा अधिकारी महिनाअखेरीला हरतो. अमेरिकेच्या शिक्षा-निर्देशांमध्ये संस्थांसाठी १९९१ पासून स्वतंत्र प्रकरण आहे आणि २००४ च्या दुरुस्तीत 'नीतीने वागायला प्रोत्साहन देणारी संस्कृती' असे शब्द त्यात आले. त्या यादीत प्रशिक्षण आहेच, पण वरच्यांची देखरेख, तक्रारीचा सुरक्षित मार्ग, योग्य वागणाऱ्याला बक्षीस आणि चुकणाऱ्याला शिक्षा हेही आहे. शाळा प्रशिक्षण तेवढं उचलतात, कारण त्याची पावती मिळते.

ऐंशी विद्यार्थी आणि बारा कर्मचारी असलेल्या शाळेत वेगळा अधिकारी कुठून आणायचा? नाही आणता येत. तिथे अदलाबदल करा: रजिस्ट्रारने प्लेसमेंट तपासायची, करिअर सर्व्हिसेसने हजेरीतले बदल. एडचा हिशोब बाहेरच्या सेवा देणाऱ्याकडे दिला तरी जबाबदारी शाळेचीच राहते. आणि बारा जणांच्या ऑफिसात ठेवलेली निनावी तक्रारपेटी विनोदी असते. अक्षर सगळ्यांना ओळखू येतं. बाहेरचा फोन नंबर किंवा बाहेरचा वकील द्या. तक्रार आली की दोन कामकाजाच्या दिवसांत पोच, तीस दिवसांत उत्तर, आणि तक्रार केल्यावर सहा महिने त्या माणसाच्या पगारात, वेळात, टेबलात झालेला कोणताही बदल मालकाच्या सहीशिवाय नको.

तक्रार ऐकायचं एक रोकडं कारणही आहे. फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट हा १८६३ सालचा कायदा. सरकारकडून खोट्या दाव्यावर पैसे घेतले तर तिप्पट भरपाई आणि वर दंड. कर्मचाऱ्याला सरकारच्या वतीने स्वतः खटला भरता येतो आणि वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो. आत कोणी ऐकत नसेल तर त्याच्यासाठी हा दरवाजा उघडाच आहे.

दर महिन्याच्या बैठकीत पहिला विषय भरतीचा आकडा असेल तर उरलेली बैठक त्याच्याच सावलीत जाते. पहिली पंधरा मिनिटं हे घ्या: हजेरीतले उशिरा झालेले बदल, ४५ दिवसांच्या मुदतीजवळ आलेले परतावे, पडताळणी न झालेल्या प्लेसमेंट, नव्या तक्रारी. मग भरती. एवढा क्रम बदलला तरी दोन-तीन महिन्यांत लोक स्वतःहून चुका आणून दाखवू लागतात, कारण त्या विचारल्या जाणारच आहेत हे त्यांना माहीत असतं.

आणि चूक सापडली की? समजा एक परतावा ४५ ऐवजी ६१ व्या दिवशी गेल्याचं दिसलं. इथे मोह मोठा असतो, कारण ऑडिटच्या नमुन्यात ५ टक्के किंवा त्याहून जास्त विद्यार्थ्यांचे परतावे उशिरा निघाले तर शाळेला मागच्या वर्षीच्या परताव्यांच्या २५ टक्के रकमेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेचं हमीपत्र, द्यावं लागू शकतं. 'ठरवल्याची तारीख' सोळा दिवसांनी पुढे ढकलली की सगळं मुदतीत बसतं. ती ढकलायची नाही. उशीर हा निष्काळजीपणा आहे, त्याची किंमत ठरलेली आहे. तारीख बदलली की तोच कागद फसवणुकीचा पुरावा होतो. फाइलमध्ये आजच्या तारखेचं एक पानी टिपण लावा: काय चुकलं, केव्हा कळलं, कोणाला कळवलं, पैसे कोणत्या दिवशी गेले, उशीर का झाला. मग त्याच कोर्समधून त्या वर्षी गेलेल्या सगळ्यांच्या फाइली काढा. आणखी दोन उशिराच्या निघाल्या तर सगळ्या कोर्सच्या. ऑडिटर येईल तेव्हा ही यादी त्याच्या पुढ्यात शाळेने स्वतः ठेवायची, पहिल्याच दिवशी, त्याने नमुना निवडायच्या आधी.